शेवटच्या पोर्टचं नाव

३ मार्च
कुरुंद्याजवळच्या हळद कारखान्यात आज संगणकांच्या कामावर रुजू झालो. मालक भागवतराव मोकळा माणूस. आल्या आल्या चहा पाजला, राहायला वरची खोली दिली. सगळ्या संगणकांच्या तारा ज्या एका डब्यात येतात तो स्विच याच खोलीत, जुनाच आहे. नवा घेऊ म्हणाले. मी म्हणालो, काहून? धड तर आहे! आधीच्या माणसानं तारांचा नुसता गुंता करून ठेवला होता. एकेक सोडवून, सरळ करून बांधली. वारंगा फाट्यावर टीव्ही दुरुस्त करता करता शिकलो हे सगळं. कॉलेज पाहिलं नाही, पण माझ्या हातच्या कामात कुणी खोट काढून दाखवावी.

४ मार्च
स्विचच्या पोर्टांना, म्हणजे तार खोचायच्या खाचांना, लोक आकडे देतात. मी संगणकावर स्विचचं पान उघडून त्या त्या टेबलावरच्या माणसाचं नाव देतो: वजनकाट्यावरचा बालाजी, लेबलं छापणारी शकुबाई, हिशेबाचे सटवाजी. बिघाड कुणाकडं ते बराबर कळतं. शेवटचं पोर्ट माझ्या तपासणीचं. त्याला नेहमीप्रमाणं माझ्या शिलाचं नाव. ट्रकवाले लेकरांची नावं रंगवतात, तसं. पोरगी औंढ्याला सासरी आहे, दिवस भरत आलेत. सटवाजी हसून म्हणाले, भीमसिंग, आमाला डब्यात कोंडून राहिले का तुमी?

९ मार्च
बालाजी मालकाशी भांडून काम सोडून गेला. रिकामं पोर्ट उघडं ठेवायचं नाही, हा माझा नियम. लगेच बंद केलं. त्या पोर्टाचा हिरवा दिवा पिवळा झाला, मग विझला. दुपारी निरोप आला. फाट्यावर चहा पिता पिता बालाजी बसल्या जागी गेला. अंगावर ओरखडाही नाही. चांगला धडधाकट गडी होता.

१२ मार्च
शकुबाईचं पोर्ट अडखळत होतं. बंद करून चालू करायचं, साधी गोष्ट. बंद केलं. पुन्हा चालू होईना. तेवढ्यात खालून आरडाओरडा. शकुबाई खुर्चीतच कलंडलेली, हातात अर्धवट फाडलेलं लेबल. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. मीही मनाला तेच सांगतो आहे.

१४ मार्च
शिलाचं नाव पुसलं. पान पुन्हा उघडलं, तर नाव जागच्या जागी. पुन्हा पुसलं. पुन्हा आलं. शेवटी स्विचची वीज तोडली, सगळ्या तारा उपटल्या. दिवे तसेच लागलेले.
भागवतराव म्हणाले, भीमसिंगभाऊ, ऊन लागलं तुमाला, दोन दिवस पडून राहा. सटवाजी हसले नाहीत. आपला दिवा कोणता ते त्यांनी विचारलं. दाखवला. बराच वेळ बघत उभे राहिले.

१६ मार्च
आज कशालाच हात लावला नाही. तरी सटवाजींचा दिवा पिवळा झाला. जिना उतरून पळालो—
टेबलावर डोकं टेकलेलं. कपातला चहा गरम होता.

१७ मार्च, सकाळ
शिलाचा दिवा पिवळा.
जावयाला, प्रेमदासला फोन केला. रडत होता. मामा, ती शुद्धीवर न्हाई, दवाखान्यात नेऊन राहिलो—
नाव पुसलं की परत येतं. पण त्यावर दुसऱ्याचं लिहिलं तर? भागवतरावांचं लिहिलं. खाली ते हमालांना ओरडत होते, आवाज येत होता. जतन करायच्या आधीच पुसलं. नाही जमलं मला.
माझं लिहून जतन केलं. भीमसिंग.
राहिलं. दिवा हिरवा.

दुपार
प्रेमदासचा फोन. ऑपरेशन झालं. शिला शुद्धीवर आली. मुलगी झाली. पेढे घेऊन या म्हणतो. बाळाचं नाव तुमीच सांगा म्हणतो, मामा—
स्विचकडं पाहिलं. शेजारच्या रिकाम्या पोर्टवर दिवा लागलाय. हिरवा. बारीक. तार नाही त्याला. पानावर नावाची जागा कोरी.
ओरडलो, नाव ठेवू नका. त्याला कळेना. शिलाच्या मनात एक नाव हाय म्हणाला, विचारून सांगतो, अन् फोन ठेवला. आता उचलत नाही.
माझा दिवा पिवळा होतोय. बोटं जड—
जो कुणी हे वाचील त्यानं औंढ्याला जाऊन सांगा, बाळाला नाव नका—
कोऱ्या जागेत अक्षरं उमटायला ला