ऑडिटरची बायको

७ जुलै
अकाउंटिंग एथिक्स माझ्या गळ्यात पडलं! नवा पेपर, पुस्तक नाही. प्राचार्य म्हणाले, "काय शिकवायचं ते तुम्हीच ठरवा, मॅडम. मुलं झोपली नाहीत म्हणजे झालं."

८ जुलै
आधी वाटलं, मोठे घोटाळे घ्यावेत. पण कोट्यवधींचा आकडा ऐकला की टीवायची मुलं टाळ्या वाजवतात, हा अनुभव आहे. शिवाय त्यात बाकी सगळ्यांना आपण साधू असल्यासारखं वाटतं. रोजच्या आवाक्यातलं काहीतरी हवं.

१० जुलै
तीन युनिटं ठरली. चौथं — ऑडिटरचं स्वातंत्र्य. ज्यांचे हिशोब तपासायचे, त्यांच्याशी लागेबांधे नकोत. झकास विषय. टिपणं काढता काढता हात थांबला. आमच्या कॉलेजच्या ट्रस्टचा ऑडिटर म्हणजे माझा नवरा.
चहा केला.

११ जुलै
चौथं युनिट काढून टाकलं. त्याजागी 'कार्यालयीन शिष्टाचार'.

१२ जुलै
लाज वाटली. परत घातलं. जेवताना अनंतला सांगितलं. तो म्हणाला, "तू शिकवतेस गं, हिशोब कुठे ठेवतेस? नियमात बसतं ना." मी म्हटलं, नियमात बसणाऱ्या गोष्टींसाठीच तर हा पेपर आहे. तो ताक न पिताच उठला. त्याचं बोरीवलीचं ऑफिस निम्मं या ट्रस्टवर चालतं, हे मला माहीत नाही असं नाही. भीती वाटतेय.

१८ जुलै
चौथ्यापासूनच सुरुवात केली. नाहीतर दिवाळीपर्यंत टाळलं असतं. शेवटच्या बाकावरच्या सम्यकने विचारलं, "मॅडम, ऑडिटरची बायकोच तिथे नोकरीला असली तर?" त्याला बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं. मी म्हटलं, दोघांपैकी एकाने सोडायला हवं. वर्गात ते फार सोपं वाटलं.
घरी येऊन अनंतला जसंच्या तसं सांगितलं. त्याने पुढ्यातली फाईल मिटली. मग — "तू नको सोडूस. मी बघतो."

२१ जुलै
अनंतने ऑडिट सोडलं. ट्रस्टला पत्र देऊन आला. मला रडूच आलं, त्याच्यासमोर. इतका अभिमान लग्नातही वाटला नव्हता. तो म्हणाला, "आता जेवायला वाढ, यार."

२२ जुलै
प्राचार्यांनी बोलावलं. माझी नेमणूक दरवर्षी वाढवतात, पुढच्या वर्षी वाढवणार नाहीत. मी म्हटलं, "सर, आता तर अडचणच उरली नाही." ते अगदी समजुतीने म्हणाले, "मॅडम, ते आपले ऑडिटर होते, म्हणूनच तर तुम्हाला घेतलं होतं."
आठ वर्षं मी समजत होते, माझी मुलाखत चांगली झाली होती.