सामानापाशी कोण थांबणार

बाबा, मागच्या महिन्यात मी एक डोंगर चढले. हसू नका. जॉर्डनच्या वाळवंटातला, तांबडा, उघडाबोडका, सावलीच्या बाबतीत पक्का कंजूष. तुम्हाला मी आठवत असेन ती किल्ल्याच्या पायथ्याशी बसलेली. दर हिवाळ्यात तुम्ही अख्ख्या कॉलनीला घेऊन ट्रेकला निघायचात आणि पायथ्याशी आलो की माझ्या दम्याकडे बघून म्हणायचात, "तुझ्याच्यानं व्हायचं नाही. तू बस इथे, डबे सांभाळ." मी बसते. वरून तुमच्या आरोळ्या येतात, खाली माकडं येतात. त्यांच्याशी भांडता भांडता माझ्या जिभेला धार आली आणि पुढे वर्तमानपत्रांत सदरं लिहिताना तिच्यावरच माझं नाव झालं, एवढे मात्र तुमचे उपकार.

जर्मनीतल्या वाल्डॉर्फच्या आमच्या हायकिंग ग्रुपात मी एकटीच मराठी. बाकी सगळे जर्मन, म्हणजे वाळवंटातही पावसाचं जाकीट घेऊन येणारे. शेवटच्या चढाखाली आमचा म्होरक्या, भूगोलाचा निवृत्त मास्तर, म्हणाला, "पुढे हातापायांनी चढायचंय. सॅक इथेच ठेवू. कुणीतरी सामानापाशी थांबलेलं बरं." आणि माझ्याकडे पाहिलं. ही नजर मला पाठ आहे, बाबा. छातीत बारीक शिट्टी वाजत होती, खिशात पंप होता आणि शेजारचा दगड बसायला अगदी सोयीचा होता.

"गेनाऊ," मी म्हटलं, "अगदी बरोबर. तुम्ही थांबा."

"मी? अहो, मी लीडर आहे!"

"आल्झो, मग सामानाला लीडर मिळाला."

सगळे खदाखदा हसले, उशिरानं तोही. शेवटी सॅक कपारीत कोंबून आम्ही सगळेच निघालो.

चढ भयंकर होता. खडक तापलेला, पाय टाकावा तिथे वाळू सरकते. मी थांबते, पंप ओढते, श्वास जागेवर येईपर्यंत खडकाला टेकून राहते, पुन्हा निघते. मास्तर दोनदा म्हणाला, "परत फिरू या का?" दोनदा मी त्याच्या पुढे गेले. आणि मग एकदम चढच संपला. चारी बाजूंना नुसते डोंगर, सगळे माझ्याहून ठेंगणे. मी ओरडले. शब्द नव्हताच, नुसता आवाज, पण काय आवाज होता!

हे पत्र कुठे पाठवणार? तुम्ही असतात तरी पाठवलं नसतं, कारण मग एक गोष्ट कबूल करावी लागली असती. वर पोचल्यावर तुम्हाला काय काय सुनावायचं, ते मी विमानातच ठरवून ठेवलं होतं. वर गेले, आणि तुमची आठवणच आली नाही.