उजव्या नळीतलं काडतूस

अल नहदा, शारजा
१८ जानेवारी

ती. दादांच्या पायांशी धाकट्या नागेशचा साष्टांग नमस्कार.

आम्ही तिघं इथे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. संजनाचे गुडघे दुखतात, ओवीची बारावी आहे आणि माझा उजवा खांदा मानेपासून दंडापर्यंत वांग्यासारखा जांभळा झालेला आहे. तुमची शुगर कशी आहे? वहिनींचा मानेचा पट्टा निघाला का? पत्र हाताने लिहितोय याचं कारण माझे लांबलचक मेसेज तुम्ही बघता, पण उत्तर देत नाही (दोन निळ्या खुणा मला इथे दिसतात, हे तुमच्या माहितीसाठी). शिवाय सोबत एक कागद आहे. त्याचं शेवटी सांगतो. आधी खांद्याचं ऐका.

नाना जाऊन अकरा महिने झाले. पाचव्या महिन्यात तुमचा फोन आला की घरच्या बाराबोअर बंदुकीचं लायसन तुमच्या नावावर करायचं आहे, तेव्हा धाकट्या भावाची हरकत नाही असं वकिलातीच्या शिक्क्यानिशी लिहून पाठव. त्यानंतर तुम्ही दर रविवारी आठवण केलीत आणि मी दर रविवारी इन्शाल्ला म्हटलं. इथे कुणी इन्शाल्ला म्हटलं की काम होणार नाही, हे एव्हाना तुम्हाला कळलं असेल. पण दादा, मी टाळाटाळ करत नव्हतो. मला हरकत आहे की नाही, हेच मला कळत नव्हतं. त्या बंदुकीच्या एका बारामुळे मी इथे आलो. एकोणिसाव्या वर्षी माझा नेम चुकला आणि नाना चार माणसांत म्हणाले, याच्या हाताला काही लागत नाही, हा इथे राहून काय करणार. सहा महिन्यांत व्हिसा आला. बाग तुम्हाला, बंदूक तुम्हाला, ओटीवरची भेकराची कवटी तुम्हाला (वनखात्याचा माणूस आला की जिच्यावर वहिनी टॉवेल वाळत घालतात ती), आणि मला पासपोर्ट. तेहतीस वर्षं मी रास अल खोरच्या एका गोडाऊनमध्ये गाड्यांचे पार्ट मोजतोय. तिथे नेमाची गरज पडत नाही.

आता एक कबुली देतो, म्हणजे पुढचं समजेल. आमच्या ऑफिसात मी वीस वर्षं एक गोष्ट सांगत आलोय. कोकणातलं रान, तीस पावलांवर हरीण, गुळगुळीत नळीची जुनी बंदूक, एकच गोळी, हरीण जागच्या जागी खलास. गोष्ट तुमचीच आहे, फक्त बंदूक माझ्या हातात दिलीय. (परमुलखात माणसाला काहीतरी असावं लागतं. कुणाचं इंजिनिअरिंग असतं, कुणाचा पुण्यात फ्लॅट असतो. माझ्याकडे हे हरीण होतं.) नवे लोक यायचे, जुने त्यांना सांगायचे की नागेशभाईंना हरणाचं विचारा, आणि मी नको नको म्हणत सांगायचो. आमचा नवा मॅनेजर अर्श, वय तीस, दाढी कोरलेली, त्याला ही गोष्ट इतकी आवडली की त्याने स्टाफची वार्षिक पिकनिक वाळवंटाच्या कडेला असलेल्या एका नेमबाजीच्या क्लबात ठेवली. तिथे फोमची हरणं उभी करतात आणि आपण ज्याला गोळीचं काडतूस म्हणायचो ते मिळतं. त्याला हे लोक स्लग म्हणतात. मी आजारी पडायचा प्रयत्न केला. पण संजनाने डबा भरला होता आणि ओवीने मैत्रिणींना कळवलं होतं.

क्लबात आम्हाला शिकवायला मोईन नावाचा मुलतानचा माणूस होता. अत्यंत सभ्य. त्याने माझ्या कानांवर आवाज अडवणारी टोपी चढवली, बंदूक समोरच्या टेबलावर ठेवली, शेजारी काडतूस ठेवलं आणि मागे सरला. मी दोन्ही हात पुढे करून उभा राहिलो. तोही उभा राहिला. मागे बावीस माणसं मोबाईल काढून उभी होती. बराच वेळ असा गेल्यावर तो हळूच म्हणाला, "भाईसाब, भरेंगे तो आप ही." तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मला बंदूक उघडताच येत नाही. आपल्या घरचा नियम तुम्हाला माहीतच आहे. बंदूक मोठ्याने भरायची आणि धाकट्याने नुसती झेलायची, भरलेली बंदूक धाकट्याने उघडून बघायची नाही, तो मोठ्याचा अपमान. नाना भरून तुमच्या हातात द्यायचे, तुम्ही माझ्या हातात. मी बावन्न वर्षांचा झालो तरी माझ्या डोक्यात शिकारी म्हणजे हात पुढे करून उभा असलेला माणूस. मोईनने न हसता भरून दिली. हसायला बाकीचे होते.

मग मी नेम धरला आणि चाप ओढला. दादा, काय सांगू. कुणीतरी दार उघडून अंगावर आपटावं तसा दणका बसला. मी वाळूत बसलो होतो, टोपी संजनाच्या पायाशी होती आणि माझं हरीण जिथल्या तिथे शांतपणे उभं होतं. शेजारच्या लेनमधल्या हरणाचं मात्र मुंडकं नव्हतं. ती लेन एचआरच्या कशफची होती. तिने अजून बंदूक हातातही घेतली नव्हती. ती मला थँक यू अंकल म्हणाली. ओवी माझ्याकडे न बघता म्हणाली, "पप्पा, लेट्स गो." आणि अर्शने फक्त एक भुवई वर केली. गेली वीस वर्षं मी जे जपलं होतं ते त्या भुवईने संपवलं. येताना बसमध्ये मला कुणी हरणाचं विचारलं नाही.

हे सगळं सोसलं असतं, पण घरी आल्यावर संजना खांद्याला बाम लावताना सहज म्हणाली, तेव्हाही असंच सुजलं होतं का हो? मी सवयीने हो म्हणालो. आणि मग तिचा हात थांबवला. कारण तेव्हा काहीच सुजलं नव्हतं. तेव्हा साधा धक्काही बसला नव्हता. दुसऱ्या दिवशी आंब्याच्या चाळीस पेट्या मी याच खांद्यावरून ट्रकात चढवल्या होत्या.

तुम्हाला तो दिवस आठवतो का? (तुम्हाला तो दर गणपतीत आठवतो, पाहुण्यांना सांगता.) गावातला केरू आणि मंडळी खालून रान हाकत आणत होती. शिकारीला बंदी आहे हे गावात प्रत्येकाला ठाऊक होतं, म्हणून तर सगळे इतके चोख गप्प राहायचे. तुम्ही दुनळी भरलीत, माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "उजवा चाप ओढ. डावा माझ्यासाठी ठेव." भेकर आलं. मी उजवा ओढला. कारवीची पानं पाऊस पडावा तशी झडली, हे मी तेव्हाही बघितलं होतं. एका गोळीने एवढी पानं झडत नाहीत, दादा, मी मोईनला फोन करून विचारलं. पाखरं मारायच्या बारीक छऱ्यांनी झडतात, आणि त्यांचा धक्काही हलका असतो. भेकर दचकलं, वळलं आणि आपल्याच अंगावर आलं. तुम्ही माझ्या हातातून बंदूक ओढलीत, डावा चाप ओढलात आणि ते पडलं. गोळी एकच उरली होती, ती तुम्ही डाव्या नळीत घातलीत आणि मला छर्रे दिलेत. केरूला भेकर सोलताना कातड्याखाली तीन छर्रे सापडले होते. तुम्ही म्हणालात, जुने असतील.

म्हणजे माझा नेम लागला होता. हे वाक्य मी संजनाला चारदा म्हणून दाखवलं. पाचव्यांदा म्हणताना मला रडू आलं, आणि तिला वाटलं खांदा दुखतोय. ते तसंच राहू दिलं.

तुम्ही मुद्दाम केलंत की घाईत झालं, हे मी विचारत नाही. तुम्ही तेव्हा अठ्ठावीसचे होतात, बाग कुणाच्या नावावर करायची हे नानांचं ठरत नव्हतं, आणि धाकटा नेमका त्या वर्षी नानांना आवडायला लागला होता. एवढं मला बावन्नाव्या वर्षी समजतं. राग येतो तो याचा की मी हात पुढे केले आणि उघडून पाहिलं नाही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, प्रकृतीस जपा, तांबडा भात खा.

आपला धाकटा,
नागेश

ता. क. सोबत कागद आहे. हरकत नाही असं लिहून, शिक्का मारून, सही करून दिला आहे. कुठलीही अट नाही, बंदूक तुमचीच. फक्त एक आठवून लिहा. संध्याकाळी बंदूक नाना स्वतः पुसायचे आणि रिकामी काडतुसं काढून माजघराच्या खिडकीत उभी करून ठेवायचे. गोळीचं हिरवं असायचं, छऱ्यांचं लाल. त्या संध्याकाळी खिडकीत एक हिरवं आणि एक लाल उभं होतं. मी बघितलं होतं, मला नुसते रंग दिसले. नाना काही म्हणाले का? काहीच म्हणाले नसतील तर तसं लिहा, पण लिहा.

ता. क. दुसरा. खरं म्हणजे पत्र याचसाठी लिहायला घेतलं होतं. अर्श फेब्रुवारीत गोव्याला चाललाय आणि वाट वाकडी करून आपल्या घरी येणार आहे. कवटी बघायला. त्याने तसं हसून सांगितलं, पण तो येणार. त्याला चहा द्या, सोलकढी द्या, टॉवेल काढा आणि सांगा की हे भेकर नागेशने मारलं. तेहतीस वर्षं ती कवटी तुमची होती, एक तास मला द्या. पाहुण्यासमोर खोटं कसं बोलू, असा संकोच करू नका. तीन छऱ्यांपुरतं ते खरंच आहे.