चेहरे तेवढे राहिलेत

प्रिय फेब्रोनिया,

हे अक्षर बर्सबाकाकांचं आहे, हे तू पहिल्याच ओळीला ओळखलं असशील. माझ्या बोटाला सुरी लागलीय, बाकी काही नाही. मी सांगतोय, काका लिहून घेतायत आणि मधूनमधून नाक मुरडतायत. देवाची वचनं चांदीच्या शाईनं लिहिणारा हात मी बापलेकीच्या गप्पांना जुंपला, अशी त्यांची तक्रार आहे.

इकडे अंत्युखियात ईस्टरआधीच्या उपासाचे दिवस चालू आहेत. अंडं वर्ज्य, घरोघर मसूर शिजतोय. आपल्याकडे मात्र रंगात कालवायला रोज अंडी येतात, आणि शेजारची मार्था भर गल्लीत विचारते, "काय हो झेनोबिओस, अंडी रंगच खातो की रंगवणारेही?" तू असतीस तर तिला बरोबर गप्प केलं असतंस. सासूबाईंवर मात्र ही जीभ चालवू नकोस.

तुझी फार आठवण येते, पोरी. "बाबा, एक नाक तरी काढू द्या ना," म्हणत तू दिवसभर माझ्या मागे असायचीस. चेहरे सगळ्यात शेवटी आणि तेही उस्तादानंच काढायचे, हा आपल्या कामाचा रिवाज. म्हणून मी तुला झाडं दिली, विहिरी दिल्या, फार तर गाढवं दिली. ती गाढवं तू इतकी गोड काढलीस, की बिशप संतांना सोडून त्यांच्याकडेच बघत बसले. तेव्हा मी तोंड वाकडं केलं होतं, पण घरी येऊन तुझ्या आईला चारदा सांगितलं होतं.

बिशपांचं शुभवर्तमानाचं पुस्तक संपत आलंय. जांभळ्या रंगात बुडवलेलं पानांचं कातडं यंदा फार सुरेख उतरलं. शेवटचं चित्र आंधळ्याला दृष्टी देणाऱ्या प्रभू येशूचं. मी रेघा मारल्या, सोनं चढवलं. सकाळी काका पान उचलून खिडकीशी गेले. मग म्हणाले, "अरे झेनोबिओस, डोक्यामागचं सोनेरी तेज प्रभूला द्यायचं, तू ते आंधळ्याला दिलंस." मी हसलो. काका हसले नाहीत.

सोनं खरवडलं तर जांभळा रंगही निघतो आणि पांढरा डाग पडतो, हे तुला ठाऊक आहे. ईस्टर झाला की बिशपांचा माणूस पुस्तक न्यायला येईल. पान असंच दिसलं तर तो ते कापून काढायला लावेल. माझ्या हातचं ते शेवटचं पान आहे.

बोटाला काही झालेलं नाही गं. डोळे गेलेत. खिडकी कोणत्या बाजूला आहे, एवढंच आता कळतं. काकांनी हे लिहायचं थांबवलं होतं, मीच लिहा म्हटलं. पण पान अजून वाचवता येईल. कपडे रंगवायचे आहेत, आंधळ्याची काठी काढायची आहे, चेहरे तर कोरेच आहेत. दोघं समोरासमोर उभे आहेत आणि दोघांचेही हात पुढे आलेत. मी ज्याला आंधळा समजलो, त्याला तू प्रभू कर. काठी दुसऱ्याच्या हातात दे आणि त्याचे डोळे मिट. मी रिवाज मोडतोय, तू लवकर ये. आणि त्या आंधळ्याला माझं नाक दिलंस तरी चालेल. एक नाक तुझं माझ्याकडे राहिलंय.

तुझ्या पावलांकडे कान लावून बसलेला,
तुझाच बाबा