एक्स्पायर्ड की पास्ड अवे

प्रिय दादा,

‘प्रिय’ लिहिलं ते कुठून तरी सुरुवात करायची म्हणून. फार मनावर घेऊ नकोस. फोनवर तू मला दुरुस्त करत बसतोस, म्हणून हे मराठीत आणि कागदावर.

परवा बाबांचं तेरावं झालं. मुलुंडच्या घरी माणसं आली, जेवली, गेली. तू टोरोंटोहून व्हिडिओवर होतासच. मधूनमधून खाली बघत होतास. ऑफिसचं काम असणार, नाही का?

तुझ्या लग्नातलं आठवतं? बाबा तुझ्या साहेबांना कौतुकानं म्हणाले, “माय वाइफ इज व्हेरी होमली.” आई घरादाराला जीव लावणारी आहे, एवढंच सांगायचं होतं त्यांना, आणि ते सगळ्यांना कळलंही. पण तू पाहुण्यांदेखत हसलास. “बाबा, होमली म्हणजे दिसायला सुमार! होममेकर म्हणा, नाहीतर गप्प बसा ना.” बाबांनी दुसरा पर्याय निवडला. त्यानंतर तुझ्यासमोर त्यांनी इंग्रजीचा शब्द काढला नाही. गंधालीला तू मराठी शिकवली नाहीस, म्हणजे नातीशी बोलणंही संपलं. ती पडद्यावरून “आजोबा” म्हणायची आणि हे नुसता हात हलवायचे. तुला वाटायचं, बाबांना ऐकू कमी येतं. एवढा हुशार तू!

बाबा गेले त्या सकाळी हॉस्पिटलच्या पायरीवर बसून मी घरच्या ग्रुपवर लिहिलं, ‘बाबा एक्स्पायर्ड.’ तुझं पहिलं उत्तर काय? ‘पास्ड अवे लिही. एक्स्पायर औषधं होतात.’ काका, मावशी, सगळ्यांनी वाचलं. आईनं विचारलं, “काय म्हणतोय गं तो?” मी म्हटलं, “रडतोय.” तुझ्यासाठी यापुढे खोटं बोलणार नाही.

पण हे उगाळायला पत्र लिहिलेलं नाही. काल तू घरी नसताना गंधालीनं आईला फोन केला. आई म्हणाली, “बाळा, आय अ‍ॅम अलोनली.” तिला अलोन म्हणायचं होतं की लोनली, मला माहीत नाही. गंधालीनं विचारलंही नाही. ती रडायला लागली, मग आई रडली. बाबा गेल्यापासून आई पहिल्यांदाच रडली, दादा. आता गंधाली दर रविवारी फोन करणार आहे. त्या वेळी तू खोलीबाहेर जाऊन बसायचंस. दार ओढून घे.

तुझी बहीण, नाइलाजानं,
अबोली