दुसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम

मसुरे, १९ नोव्हेंबर १९८७

आमची सुमन आज दिल्लीच्या एम.ए.चा अभ्यासक्रम वाचून दाखवत होती. आंतरराष्ट्रीय धोरण. सागरी कायदा, तह, आणि दुसऱ्या वर्षी आखातातल्या बंदरात राहून अभ्यास. पुढचं मला ऐकूच आलं नाही. त्याच आखातात परक्यांच्या लढाईत माझ्या मुलाची, विलासची, तेलाची बोट जळाली, महिनाही झाला नाही.

म्हटलं, "खंय जातलंस, कळता मा तुका?"

"कळता, बाबा. दादा कोणाच्या झगड्यात गेलो, ता माका शिकूक व्हया."

दुसरं वर्ष गाळता येत नाही म्हणे. नाही म्हणू? कोणत्या तोंडाने? विलासला तरी कुठे अडवलं होतं.

विलास सापडला नाही, म्हणून काल दर्भाचा पुतळा करून अग्नी दिला. थोडा दर्भ उरला होता. आज संध्याकाळी सुमनची आई तो माळ्यावर ठेवत होती. म्हणाली, "लागतलो कधीतरी." मी तिच्या हातातून ओढून चुलीत घातला.