रिकाम्या झोळीला झोके

४ जून
निपाणीहून सकाळी जे. पी. नगरात मुलाकडे पोचलो. नातू विराज काय गोड! पण दुपारी जेमतेम डोळा लागतो की उठून भोकाड. सूनबाई सौम्याची रजा संपली. काम घरूनच, तरी पोर झोपलं नाही तर नोकरी सोडावी लागेल म्हणाली. म्हटलं, हा म्हातारा कशाला आहे? आमच्या हिच्या मागे राहिलेल्या मऊ लुगड्याची झोळी बांधली, शाळेतल्या कविता चालीवर म्हणत झोके दिले. दुपारच्या तासाला त्या चालीवर अख्खा वर्ग पेंगायचा. हा तर एवढासा.

७ जून
न्हाऊ घालणाऱ्या तानूबाई म्हणतात, अण्णा, तुमच्या कवितेनं मलाच स्वल्प डुलकी येते, बाळाला कुठली! आज मात्र ओरडल्या. सौम्यानं त्याला पाजायला कधी नेलं कळलंच नाही; डोळे मिटून, मनानं चौथीच्या बाकावर बसून, मी रिकामीच झोळी हलवत होतो. त्यांनी दोरी धरली. अशानं भलतंच कुणी येऊन निजतं, म्हणाल्या. मी हसलो. कडवं अर्धं कसं सोडायचं? पुरं केलं.

८ जून
नवल! विराज दिवेलागणीपर्यंत झोपला. सौम्या म्हणाली, बाबा, जादू केलीत. झोळीचा तळ तेवढा ओला. शू नव्हे, चिकट, नासक्या दुधाचा वास.

१० जून
पुन्हा लांब झोप. उचलला तर कानामागे, मानेच्या वळ्यांत पांढरी बुळबुळीत लाळ. अंगाचं तेल कुणी चाटून काढावं तसं साफ. रडत नाही. हलका लागतो.

११ जून
लुगडं धुतलं. सायीसारखे पापुद्रे निघाले, त्यांत बारीक केस. बोटांना चिकटले. सौम्या म्हणाली, दूध ओकला असेल, बाबा, पण झोपतोय ना? मी गादीवर निजवला तर झोपेना. तिची मीटिंग होती. तिनंच झोळीत घातला.

१२ जून, दुपार
दोरीला माझा हात नाही. झोळी हलते — आत चुटूचुटू चोखणं — तोच वास —

हात घातला. दोन देह. जड, ऊबदार तो उचलला. वाटलं, हाच आपला —

मांडीवर आहे. हसला. विराजला अजून दात नाहीत. हे पिवळे, झिजलेले, फटींत साय —

झोळीत कुणी क्षीण कण्हतंय. माझा डावा अंगठा याच्या तोंडात. ओढला तर कातडी —

सौम्या आली. पाजायला हात पुढे केलेत. आवाज फुटत नाही, लिहून दाखवतो — सौम्या, झोळीतला घे. हा नव्हे, हा —